पायरीवरचं पाणी

यावोर नव्या क्लबकडे निघाला की आई त्याच्या पुढ्यात पायरीवर तांब्याभर पाणी ओतायची. “यावरून जा, वाट पाण्यासारखी मोकळी होईल.” मग मागे फिरायचं नाही, अशी गावाची रीत. सोफियापासून कझाकस्तानपर्यंत फुटबॉलचे नऊ क्लब झाले, मधल्या फळीत धावून धावून गुडघे झिजले. जानेवारीत आई गेली. आज दहाव्या, बहुधा शेवटच्या क्लबकडे निघताना स्वतःच पाणी ओतून तो ओल्या पायरीवरून उतरला. कुंपणापलीकडून शेजारची राडका आजी म्हणाली, “मैदानावर नव्वद मिनिटं बोंबलत असतोस, पाणी ओतायला मला एक हाक मारायला काय झालं होतं?” तो ओशाळला. रिकामा तांब्या अजून हातातच होता; घरात ठेवायचा तर मागे फिरावं लागणार. “दे इकडे, मी ठेवते,” आजीने हात पुढे केला. त्याने तांब्या बुटांच्या पिशवीत सारला. “राहू दे. तिकडून निघताना लागेल.”