जावयाचं वाण

“मदरबोर्ड कसा झगमगला पाहिजे!” असं म्हणत दाजींनी दुकानात मी निवडलेला बोर्ड दोन बोटांनी बाजूला सरकवला.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आयटीत आहेत. तिथे ते लोकांच्या रजा मंजूर करतात, पण आमच्या घरात आयटी म्हणजे आयटी. व्हिडिओ एडिटिंगच्या कामासाठी मला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा होता, म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा होता. प्रत्येक मदरबोर्ड ते करू देत नाही. करू देणारा मी महिनाभर वाचून शोधला होता. दिसायला अगदीच ठोकळा. “जावईबापूंचा शब्द मोडू नकोस,” बाबा कानात पुटपुटले.

घरी दाजींच्या पसंतीच्या बोर्डावर लग्नाच्या मांडवाला शोभतील असे सात रंगांचे दिवे लागले. वेग मात्र तसूभर वाढेना, कारण त्या बोर्डात ती सोयच नव्हती. दाजींनी तासभर माउस फिरवून निकाल दिला, “तुमच्याकडची लाईटच कमजोर आहे.” आईनं त्यांना आणखी बासुंदी वाढली. दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे माझा ठोकळा आणून बसवला.

पुढे अधिक महिना आला. जावयाचं वाण म्हणून आईनं चांदीच्या ताटात अनारसे रचले. मी शेजारी तो झगमगता बोर्ड ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि ताट दाजींपुढे धरलं. दाजींनी मोठ्या आशेनं बाबांकडे पाहिलं.

“घ्या, जावईबापू,” बाबा हात जोडून म्हणाले. “वाणाला नाही म्हणायचं नसतं.”