दारातलं घमेलं

"पाय बुडव आधी. चपलेसकट."

फाटकाशी घमेल्यात पांढरट, फिनेलसारखा वास येणारं पाणी होतं. मयुराने पाय बुडवले. इथली घाण आपल्याला लागू नये म्हणून असेल, असं तिला वाटलं.

"भाईरनं येणाऱ्याकडनं जनावरास्नी काय लागाय नको," तानूबाई म्हणाल्या.

फाटकावर नोटीस चिकटवलेली होती. सोमवारी पाहणी, मग डुकरांची शेड हटवायची. तक्रारीवर पहिली सही मयुराचीच. लेकीच्या, कृतिकाच्या शीमध्ये जंत दिसले त्याच दुपारी तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'मागच्या डुकरांमुळेच.' संध्याकाळपर्यंत साठ सह्या झाल्या.

तानूबाई साताऱ्याकडच्या, रिटायर्ड सुभेदाराची बायको. या परप्रांतातल्या शहरात मराठी ऐकून पार्कात एकदा आपणहून बोलायला आल्या होत्या, कृतिकाचा गाल कुरवाळला होता. कुठे राहता म्हणून विचारल्यावर त्यांनी शेडकडे बोट दाखवलं, तेव्हा मयुराने त्यांच्या देखतच कृतिकाचा गाल पुसून काढला होता.

"लेक कशी हाय?"

"बरी आहे." मयुराने पर्समधून कागद काढला. "मावशी, मी तक्रार मागे घेतेय. आज डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. हे जंत डुकरांचे नाहीतच म्हणाले. माणसांकडूनच माणसांना होतात. हात, नखं, चादरी..."

"ठावं हाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलं?"

आत एक गाभण डुकरीण अंग धुतलेली, ओली उभी होती. तानूबाईंनी तिच्या पाटीत दाण्यावर जंताचं औषध ओतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेला गोल केला. मागच्या महिन्यांतही तसेच गोल होते.

"पंधरा दिसांनी व्यायची. आईला आधी द्यायचं, न्हाईतर पिल्लास्नी तिच्याकडनंच जातंय." मग सहज विचारल्यासारखं, "तू घेतलीस का गोळी?"

सकाळी डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. 'आम्हाला कशाला,' असं हसून म्हणाली होती ती. मयुराने बोटं तळव्यात मिटून घेतली. नखं लांब होती, ताजं नेलपॉलिश लावलेली.

तानूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. दोनच ओळी होत्या. "मागं का घेतली, ते लिवलं न्हाईस?"

"ते... ग्रुपवर सगळे वाचतील, मावशी."

"साठ जणांनी सही केलीया. तुझ्या एकटीच्या दोन वळीनं काय व्हतंय?"

तानूबाईंनी कॅलेंडरवरचं पेन दोऱ्यासकट तिच्यापुढे धरलं.

भिंतीवर कागद टेकवून तिने लिहायला घेतलं. 'जंत आमच्याच घरात' इथवर येऊन हात थांबला. डुकरीण पाटी चाटत होती. मग तिने उरलेलं वाक्य लिहिलं, खाली फ्लॅट नंबर टाकला, फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. फोन पर्समध्ये थरथरायला लागला. तिने तो पाहिला नाही.

जाताना फाटकाशी तिने आपसूक चप्पल पुन्हा घमेल्यात घातली.

"जाताना नगं बुडवू," मागून तानूबाई म्हणाल्या. "ते येणाऱ्यांसाठी हाय."