खास सासूबाईंसाठी

दार उघडेना. ओरेस्टने आधी खांदा लावला, मग शेवटी लाथ घातली. स्वयंपाकघराचं ते मागचं काचेचं दार दोन बोटं बाहेर सरकलं आणि अंगणातल्या नव्याकोऱ्या लाकडी ओट्याला अडकून बसलं. ओट्यावर तीसेक पाहुणे सॉसेजचे तुकडे चघळत, टाळ्या वाजवायच्या तयारीत उभे होते. आणि दाराच्या आत, व्हीलचेअरवर, ठेवणीतला फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाईंना, म्हणजे एक्याण्णव वर्षांच्या पारास्काबाईंना, पुढच्या दाराच्या सहा पायऱ्या उतरवत नसत. दोन वर्षं त्यांनी ऊन पाहिलं ते काचेतून. म्हणून त्यांची लेक लारिसा नवऱ्याला म्हणाली होती, "मागच्या दाराशी एक ओटा कर. आईची खुर्ची मावली की झालं."

एवढ्यावर ओरेस्टचं कसं भागावं? शेजारच्या सिग्गीने आदल्याच वर्षी देवदाराचा ओटा बांधला होता. ओरेस्टने थेट ब्राझीलचं लाकूड मागवलं. कठड्याला काचा लावल्या, पायऱ्यांत दिवे बसवले. नाकापेक्षा मोती जड झाला. कोणी विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायचा, "खास सासूबाईंसाठी!"

पहिला सुतार अब्राम टेव्स म्हातारा आणि फटकळ होता. "वरचं लाकूड साधं चालेल," तो म्हणाला. "खाली मात्र आठ फूट लोखंडी खांब रोव. विनिपेगची जमीन आहे ही. हिवाळ्यात गोठून फुगते आणि वरचं सगळं उचलते."

"खांबांचे नऊ हजार डॉलर? जमिनीत पैसे पुरायला मी काय खुळा आहे? खालचं बघतंय कोण?"

"जमीन बघते," टेव्स म्हणाला आणि आपली पेटी उचलून चालता झाला.

ओरेस्टने दुसरा सुतार गाठला आणि ऑक्टोबरात सिमेंटच्या ठोकळ्यांवर ओटा बसवून घेतला. मग त्यावर ताडपत्री घातली. उद्घाटनाआधी कुणाचा पाय लागू नये म्हणून मागच्या दाराला जे कुलूप ठोकलं, ते बर्फ वितळलं तरी काढलं नाही. आज, मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीच्या शनिवारी, ते निघालं. ओटा दारापाशी चांगला चार बोटं वर आला होता.

सिग्गी ओणवा झाला आणि त्याने खाली डोकावून पाहिलं. "अरे ओरेस्ट, नुसते ठोकळे? आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा खांब आहेत रे!"

बडा घर, पोकळ वासा! पाहुण्यांत खसखस पिकली. ओरेस्ट बीटासारखा लाल झाला आणि उगाच कडीशी झटू लागला.

लारिसाला मात्र रडू कोसळलं. आईचा आणखी एक उन्हाळा काचेआड जाणार, एवढंच तिला दिसत होतं. "हसताय काय?" ती दाराच्या फटीतून ओरडली. "या चौघंजण, पुढच्या दाराने आईला उचलून न्या!"

सासूबाईंनी हनुवटीखालची रुमालाची गाठ सोडली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "जमिनीला बरोबर कळलं. ज्यांच्यासाठी ओटा बांधला, ते सगळे बाहेरच आहेत."