कुंभाराचं गाणं

प्रवरेकाठच्या जुन्या गढीतल्या संग्रहालयात शाळेची सहल आली होती. तिथल्या एका यंत्राची सुई उत्खननात सापडलेल्या मडक्यावरून फिरली, की चाकावरच्या ओल्या मातीत हजारो वर्षांपूर्वी उमटलेला कुंभाराचा आवाज ऐकू यायचा. भाषा कुणालाच कळत नव्हती. पण चाल गोड, म्हणून संग्रहपाल दमयंती घुले यांनीच पाटीवर ‘कुंभाराचं गाणं’ असं लिहून टाकलं होतं. खोदकामात सगळ्यात खालच्या थरात सापडलेल्या मडक्यात सात शब्द होते. वरच्या प्रत्येक थरात एकेक कमी. शेवटच्या मडक्यात तीनच. त्याच्यावर सापडला तो नुसता गाळ.

दुपारी नदीचं पाणी चढलं, तसा पहारेकरी गहिनीनाथ दर पुराच्या रिवाजाप्रमाणे घाटाच्या कोरड्या उरलेल्या पायऱ्या मोजत उतरला. मोठ्यानं, हेल काढून. दमयंतीबाईंचा हात सुईवरच थबकला. चाल तीच होती.

“गहिनीनाथ, गेल्या वर्षी किती उरल्या होत्या?” त्यांनी खिडकीतून विचारलं.

“चार, बाई. त्याच्या आदल्या वर्षी पाच.”

“आणि आज?”

“आत्ताच मोजल्या की. तीन.”

मागे अंगणात सहलीची पोरं शेवटच्या मडक्यातले तेच तीन शब्द घोळवून घोळवून गात होती.