मनगटावरचा ऊद

दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर इनास मास्तर माणिकपूरला मुश्ताकच्या अत्तराच्या दुकानात शिरत. तो त्यांचं मनगट हातात घेई, काळ्याशार उदाचा थेंब लावी, बोटाने हळूच पसरवी. आधी उग्र डांबर, मग ओल्या लाकडाचा धूर, आणि घरी पोचेपर्यंत देवळातल्या धुपाचा गोडवा. बायको गेल्यापासून तीन वर्षं हेच चाललं होतं. एके दिवशी मुश्ताकने त्यांच्या हातात बाटलीच ठेवली. "मास्तर, माझ्याकडून भेट. आता घरच्या घरी लावा, उन्हातान्हात पायपीट कशाला?" मास्तरांना नकार देववला नाही. घरी त्यांनी स्वतःच थेंब लावला, स्वतःच पसरवला. डांबर आलं, धूर आला, धूपही आला; मनगटाला हात तेवढा कुणाचा लागला नाही. पुढच्या रविवारी दुकानाच्या पायरीवर मास्तरांनी खिशातल्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "फुटली रे बाटली," म्हणत त्यांनी मनगट पुढे केलं.