रागनाच्या नावाचा कप

ध्रुवाकडच्या प्रत्येक संशोधन सफरीत जहाजावर एक गंमत चाले. थर्माकोलच्या कपावर आपल्या माणसाचं नाव लिहून तो मोजणीच्या यंत्राबरोबर तीन हजार मीटर खोल सोडायचा. पाण्याच्या दाबानं तो अंगठ्याएवढा होऊन वर येई. यंत्राची तार सोडणाऱ्या हल्वरला हा सगळा पोरखेळ वाटे.

यंदा तरुण शास्त्रज्ञ सिवर्टनं त्याच्या हाती कप दिला. "जपून हं, हल्वर! हा हरवला तर माझी खैर नाही."

कपावर नाव होतं, रागना. हल्वरच्या बायकोचं. निघताना ट्रोम्सोच्या धक्क्यावर ती याच सिवर्टच्या कानाशी लागली होती, ते हल्वरला आठवलं. त्यानं कप मुठीत चुरडला आणि खिशात कोंबला.

दोन तासांनी यंत्र वर आलं. सिवर्टनं यंत्राला बांधून सोडलेली कपांची पिशवी दोनदा उलटी करून झटकली.

"गेला की रे! आता रागनाबाईंना काय सांगू? म्हणाल्या होत्या, 'वीस सफरी झाल्या, आमच्या ह्यांनी माझ्या नावाचा एक कप सोडला नाही. तू सोड, आणि वर आला की त्यांच्याच हातात दे.'"