सरपंचबाईंचा आवाज

भिकोबा तात्यांचा पाय प्लास्टर घालून टांगलेला होता. सरपंच कुंदाताई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या, पण त्यांना तात्यांकडे बघवेना.

"शाळेच्या रस्त्याखालच्या मोरीचा स्लॅब तडकलाय, हे मी सांगितलं होतं," तात्या म्हणाले. "खांबावरून तुम्ही म्हणालात, नोंद घेतली, काळजी करू नका. तुम्हाला कामं बरीच, राहून गेलं असेल."

गावातल्या प्रत्येक खांबावर ग्रामपंचायतीचं यंत्र होतं. ते पाण्याची वेळ सांगायचं, तक्रारी ऐकायचं आणि बोलायचं कुंदाताईंच्याच आवाजात; तात्यांना वाटायचं, पलीकडे ताईच आहेत. तात्या रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून गटारापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगत. कंटाळून कुंदाताईंनी एकदा यंत्राला बजावलं होतं, 'या म्हाताऱ्याचं माझ्यापर्यंत आणू नकोस, तूच गोड बोलून वाटेला लाव.' यंत्राने ते इमानेइतबारे पाळलं. मोरी खचली तेव्हा तात्याच तिथे उभे राहून शाळेच्या पोरांना मागे सारत होते.

"पण एक सांगतो," तात्या म्हणाले, "आमची ही गेल्यापासून माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नाही. तुमचे उपकार आहेत."

कुंदाताईंनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तक्रार पुढे गेली नाही याचा दोष गावाने यंत्रालाच दिला होता.

"तात्या, ती मी नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकावं लागू नये म्हणून मीच ते यंत्राकडे सोपवलं होतं."



"मग आमच्या हिच्याबद्दल मी कुणाला सांगत होतो?" तात्यांनी विचारलं.